सोळा अंशांचा गुडघा

पवनारच्या बसस्टँडवर उभं राहून लोकांचे गुडघे बघायची सवय मला दसऱ्यानंतर लागली. तेही बाजूने. समोरून गुडघा म्हणजे नुसती वाटी. खरी गोष्ट बाजूने कळते. साडीतले, पायजम्यातले, हाफपँटमधले, बसची पायरी चढताना कुरकुरणारे, उतरताना थरथरणारे, सगळे बघायचे मी. एकदा कंडक्टरने विचारलंच, "मॅडम, खाली काई पडलं का तुमचं?"

पडलं काही नव्हतं. पडेल याची धास्ती होती. माझी मोहिनी सहावीत आहे. शाळेच्या खो-खो संघातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात चपळ पोरगी. संघ जिल्ह्याच्या सामन्यांना वर्ध्याला जाणार होता, आणि मोहिनीला पाठवणार की नाही हे मी शनिवारपर्यंत कुंदन सरांना, म्हणजे तिच्या खेळाच्या शिक्षकांना, सांगायचं होतं. अख्खं घर हो म्हणून मोकळं झालं होतं. मी एकटी गुडघे बघत फिरत होते.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते नवऱ्यामुळे. मुकेश लग्नाआधी कबड्डी खेळायचा, लग्नानंतर खेळायचा, बाप झाल्यावर तर जास्तच खेळायचा. गेल्या वर्षी गणपतीतल्या सामन्यात त्याने एका पोट्ट्याला चुकवायला उडी मारली, एका पायावर उतरला, गर्रकन वळला आणि खालीच बसला. कोणी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला तो पहिल्या रांगेतल्या बायकांना ऐकू गेला, आणि मी पहिल्याच रांगेत होते. आतली दोरी तुटली, म्हणजे लिगामेंट. ऑपरेशन झालं, नवी दोरी बसली. आता तो चालतो, गाडी चालवतो, वर्ध्याच्या दुकानात ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. फक्त जेवायला बसताना एक पाय लांब सोडून ठेवतो, आणि आम्ही सगळे ताटं घेऊन त्या पायाला वळसा घालतो.

दसऱ्याच्या आधी सेवाग्रामला त्याची शेवटची तपासणी होती. डॉक्टर मॅडमने त्याच्या गुडघ्याचा फोटो दिव्यावर लावला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. बघता बघता त्या सहज म्हणाल्या, "यांच्या नडगीच्या हाडाला उतारही जास्त आहे."

"कसला उतार?" मी खुर्चीतून पुढे सरकले.

मॅडम चांगल्या होत्या, समजावून सांगायच्या. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला कलता असतो, टिनाच्या छपरासारखा. त्यावर मांडीचं हाड टेकतं. कल जितका जास्त, तितकं उडीवरून उतरताना मांडीचं हाड मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे. त्या दोघांना धरून ठेवायचं काम आतल्या दोरीचं. "बहुतेकांचा कल सात-आठ-दहा अंश असतो. यांचा चौदाच्या आसपास आहे."

"हे घराण्यातून येतं का?"

"थोडंफार येतं."

"मुलींना?"

"मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्तच होते, विशेषतः वयात येताना. पण ताई, हाडाचा आकार म्हणजे—"

तेवढ्यात स्ट्रेचरवरून एक म्हातारबा आत आले आणि मॅडम तिकडे धावल्या. 'पण'च्या पुढचं वाक्य तिथेच राहिलं. मी घरी आले ती 'पण'च्या अलीकडचं सगळं घेऊन.

मी बी.एस्सी. आहे. भौतिकशास्त्र घेतलं होतं, पहिला वर्ग होता. उतार म्हटला की मला तिरक्या फळीवरून घसरणारा लाकडी ठोकळा दिसतो. आता त्या ठोकळ्याने मोहिनीची रिबन बांधली होती. मी मोबाईलवर वाचत सुटले. मांडीच्या हाडाला मधोमध एक खाच असते, तिच्यातून ती दोरी जाते, आणि खाच अरुंद असली की दोरीलाही धोका, हे वाचत होते तेव्हा दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी मुली एका पायावर उतरताना गुडघा आत वळवतात हे वाचत होते, तेव्हा पुन्हा गेलं.

सासूबाई गॅस पुसत म्हणाल्या, "वं मंजुषा, तुह्या मोबाईलनं आपल्या घरचं दूध नासवलं बाप्पा. म्हैस इचारून राह्यली, माह्यं दूध जाते कुठीसा म्हणून."

आमच्या घरचे सगळे फोटो दिवाणावरच्या गादीखाली असतात, लग्नाच्या अल्बमच्या शेजारी. मी गादी उचलली. मुकेशचे गेल्या वर्षीचे फोटो सापडले, कोपऱ्यात नाव, तारीख, सगळं. त्यांच्याखाली आणखी एक गुडघा निघाला, बाजूने काढलेला, पण त्याचा नावाचा कोपराच नव्हता. कात्रीने सरळ कापलेला.

कोपरा कुठे गेला ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. फोटोच्या काळ्या भागातून सूर्य बघायची आमच्या आळीत जुनी रीत, आणि फोटो सगळ्यात काळा असतो तो कोपऱ्यात, नावापाशी. सासऱ्यांनी, महादेवरावांनी, मी स्वयंपाकघरात असताना घरातल्या सगळ्या फोटोंचे कोपरे कापून आळीतल्या पोरांना प्रसादासारखे वाटले. फोटोतून सूर्य बघितला तर डोळे जातात, असं मी ओट्यावर येऊन ओरडले, पोरांच्या हातातून तुकडे हिसकले, सगळ्यांना आत कोंबून टीव्हीवर ग्रहण दाखवलं. डोळे वाचले. कोपरे गेले ते गेले.

आणि त्याच वर्षी मोहिनी सायकलवरून पडली होती, तेव्हा तिच्या गुडघ्याचा फोटो काढला होता. म्हणजे बिनकोपऱ्याचा गुडघा तिचाच. मला जराही शंका आली नाही. उलट वाटलं, केवढं थोरलं हाड आहे पोरीचं, बापावर गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीला मी फोटो चिकटपट्टीने लावला. मागून ऊन होतं, गुडघा दिव्यासारखा उजळला. मोहिनीच्या कंपासपेटीतून पट्टी आणि कोनमापक काढला. नडगीच्या मधून एक रेघ, तिला काटकोनात दुसरी, माथ्यावरून तिसरी.

सोळा.

पुसलं. पुन्हा आखलं. सोळा. बापाचा चौदा आणि पोरीचा सोळा!

"काय करून राह्यली वं?" सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांचं नाव आनंदाबाई, आणि त्या नावाला फार जागतात.

"मोहिनीचा गुडघा मोजते आहे."

"खिडकीत?" त्या पुढे आल्या, डोळे बारीक करून बघू लागल्या. "कसं गोरंपान हाड हाये व माय! काई म्हण, हाड मात्र देखणं हाये पोट्टीचं."

त्या दिवसापासून मोहिनीचं धावणं बंद. जिना एकेक पायरीने. शाळेतून येताना नाली ओलांडायची नाही, वळसा घालून यायचं. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने संप पुकारला.

"आई, मले खेळू देत नाई तं नको देऊ. पण माह्या कोनमापक दे! भूमितीच्या तासाले बाईनं बाहेर उभं केलं मले."

"उभी होतीस ना? एका पायावर की दोन्ही?"

"आबाजी, पाहा नं आईले!"

सासरे ओट्यावर सुपारी कातरत होते. "मंजुषा, आपण बैल घेतो तवा पाय पाहतो, थे बरोबर हाये. पण घरच्या गोऱ्ह्याले कोणी कोनमापक लावते का वं?"

"मामाजी, तुमच्या लेकाचा पाय बघा एकदा."

मुकेशने लांब केलेला पाय हळूच चादरीखाली घेतला.

गुरुवारी कुंदन सर मोटरसायकलवर आले, गाडी बंदही केली नाही. "ताई, तुमची पोट्टी खांबावरून अशी वळते का पाह्यणाऱ्याले चक्कर येते. तिच्याबिगर आमचा संघ म्हंजे नुसता चिवडा, शेंगदाणेच नाईत. काऊन नाई पाठवून राह्यले?"

"सर, तिचा उतार सोळा आहे."

"कायचा उतार?"

"नडगीचा."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या ओट्याच्या उताराकडे, मग मुकेशकडे. मुकेशने खांदे उडवले. "दोन दिवस हायेत, ताई," सर गाडी वळवत म्हणाले, "उतार उतरला तं सांगजा."

त्यावर सगळे इतके हसले की मी आत जाऊन भांडी जोरजोरात लावली. पण लावता लावता माझंच मला कळत होतं. मोहिनी खो मिळाल्यावर सुटते तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असतं. ते तोंड मी एका खिडकीतल्या फोटोवरून बंद करायला निघाले होते. बरोबर असेन तर पोरीचा पाय वाचेल. चूक असेन तर? ते राहिलेलं 'पण' मला आता ऐकायलाच हवं होतं.

शुक्रवारी मी फोटो कापडी पिशवीत घातला, मोहिनीला घेतलं आणि सेवाग्रामला निघाले. सासूबाई पदर खोचून आधीच फाटकाशी उभ्या. "मीबी येतो. नातीच्या हाडाचं मलेबी समजलं पाह्यजे नं."

डॉक्टर मॅडमने मला ओळखलं. मी घडाघडा सगळं सांगितलं: खिडकी, कोनमापक, सोळा. त्यांनी फोटो दिव्यावर लावला. फोटोकडे बघितलं. मोहिनीकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

"हिचं वय काय?"

"अकरा."

"आणि हिच्या गुडघ्याचं साठ!"

मला कळेना. मॅडमने पेनाचं टोक फोटोवर ठेवलं. "अकरा वर्षांच्या मुलीचं हाड अजून वाढत असतं. इथे टोकाजवळ एक आडवी फट दिसते, जणू हाड चिरलंय. इथे फट कुठे आहे? बुजून कित्येक वर्षं झाली. आणि या कडा बघा, थोड्या झिजल्यात. कोणाचा फोटो आहे हा? नावाचा कोपरा कुठे गेला?"

"ग्रहणात गेला," मी म्हणाले.

"काय?"

मी ग्रहणाचं सांगू लागणार, तोच सासूबाई दिव्यापाशी जाऊन अगदी नाक लावून बघू लागल्या. "थांब वं... त्या वर्षी ग्रामपंचायतीत गुडघ्याचा कॅम्प आलता नं. फुकट. तू माहेरी गेलती. मले म्हणे बाई, फोटो काढून घ्या. मी म्हणलं काढ बाप्पा. बिस्कुटाचा पुडाबी देल्ला होता त्यायनं." त्या वळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा माह्या गुडघा व्हय वं!"

मोहिनी किंचाळली, "आजी! तू आपल्याच हाडाले गोरंपान म्हणत होती!"

"हाये तं म्हणीन नाई?"

मॅडमचं हसू आवरेना. तरी त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेऊन नीट मोजला. "सोळा. ताई, तुम्ही बरोबर मोजलंत."

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला. गुडघा चुकला होता, पण मोजमाप चुकलं नव्हतं. पहिला वर्ग काही उगाच मिळाला नव्हता.

"सोळा म्हंजे बम झाले का कमी?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या मुलापेक्षा जास्त, आजी."

"पाह्य! तो लहानपणापासून सगळ्यातच मागं."

"आजी, तुमचा गुडघा कधी निखळला? मुरगळला? सुजला?"

"कायले? मी अल्लीपूरची. लहानपणी गोठ्याच्या छपरावरून कडब्याच्या गंजीवर उड्या मारो आम्ही. धावत्या बैलबंडीत चढो, धावत्या बंडीतून उतरो. माह्या लग्नात मी नाचली, मुकेशच्या लग्नात मी नाचली, शेजारच्या कवडूच्या लग्नात तं नवरदेव दमला पण मी नाई दमली. पायाचं म्हणाल तं..." त्यांनी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "एकदा इंचू चावला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी मी काय सांगत होते, आठवतं?"

"पण," मी म्हणाले. "तुम्ही 'पण'पर्यंत आला होतात."

"हां. पण हाडाचा आकार म्हणजे भविष्य नव्हे. असा गुडघा असलेल्या हजार जणांना बघितलं, तर इतर हजारांपेक्षा जास्त जणांची दोरी तुटलेली दिसेल. त्यातल्या एकाचं काय होईल ते फोटो सांगत नाही. तुमच्या मुकेशचा कल जास्त होता, शिवाय तो एका पायावर उतरला, वळला, मांडीत जोर नव्हता, दमलेला होता. सगळं एका वेळी जमून आलं."

"आणि आईंचं?"

"आजींचं नशीब असेल, मांड्या दणकट असतील. एका आजीवरून काहीच सिद्ध होत नाही."

"डिंकाचे लाडू," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "ल्हिऊन घ्या तुम्ही. दर हिवाळ्यात."

"मग मोहिनीचा नवा फोटो काढूया का?" मी विचारलं.

"कशाला? कल दहा निघाला तरी तुम्हाला एकच गोष्ट करायची आहे, सोळा निघाला तरी तीच. शिवाय वाढत्या वयात तो बदलत असतो. विनाकारण फोटो कशाला?" मॅडमने टेबलाखालचं पायठेवणीचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "मोहिनी, यावर चढ. आता उडी मार."

मोहिनीने उडी मारली. धप्प! टेबलावरचा पेनांचा डबा हलला.

"ऐकलंत? पाय ताठ, गुडघे आत वळलेले. बापासारखीच उतरली. हाड बदलता येत नाही, हे बदलता येतं. गुडघे वाकवून उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, आत जाऊ द्यायचा नाही, आणि आवाज करायचा नाही. मांड्यांचे व्यायाम, एका पायावर तोल, खेळाआधी अंग गरम करणं. मुलींच्या संघांनी हे नेमाने केलं तर या दुखापती निम्म्यावर येतात, असं दिसून आलंय. उरलेल्या निम्म्याचं कोणी वचन देणार नाही, मीही नाही."

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही, आणि त्याच वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सासूबाई एव्हाना स्टुलावर चढल्या होत्या. "आई!" मी ओरडले. मॅडमही ओरडल्या. पण त्या उतरल्यासुद्धा. खरंच आवाज आला नाही. आवाज आला तो बांगड्यांचा.

परतीच्या ऑटोत त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की त्यांचा उतार सोळा आहे. पवनारला पाटीवाल्या भाजीवालीला सांगितलं. फाटकाशी सासऱ्यांना सांगितलं, "तुमचा कितीक हाये?" सासरे म्हणाले, "मले काय माहीत?" तेव्हा त्या अशा नजरेने बघत आत गेल्या की सासरे जेवणापर्यंत स्वतःचे गुडघे चाचपत होते.

शनिवारी मी कुंदन सरांच्या घरी स्वतः गेले. "पाठवते," मी म्हणाले. "पण माझी अट आहे. सामन्यांपर्यंत रोज संध्याकाळी अख्खा संघ आमच्या ओट्यावर पाहिजे."

"हळदीकुंकू हाये का?"

"उड्या आहेत."

पुढच्या दोन आठवड्यांत आमच्या ओट्याला जे दिवस आले ते माझ्या लग्नातही आले नव्हते. मुली रांगेने ओट्यावर चढायच्या आणि अंगणात उड्या मारायच्या. मी बाजूला उकिडवी बसून गुडघे बघायचे. आता त्या सवयीला मान होता. मुकेश खाटेवर पाय लांब करून वाईट उदाहरण म्हणून बसायचा. "हे पाहा, असं नाई करायचं," असं म्हणून तो ऑपरेशनची खूण दाखवायचा आणि मुली भक्तिभावाने बघायच्या. आवाजाचं काम सासूबाईंकडे होतं. त्या अंगणाकडे पाठ करून, डोळे मिटून बसायच्या.

"धप्प!... धप्प!... अर्धं धप्प... हे कोण पोतं फेकलं व माय?... हां, हे मांजर. हे मांजर कोण व्हय?"

"मी, आजी!" मोहिनी नाचायची.

"मांजर तं मांजर, एक डिंकाचा लाडू घे."

एका संध्याकाळी सासऱ्यांनी कोणी बघत नाही असं बघून उडी मारली. सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "म्हैस सुटली का?"

मोहिनीचा खरा फोटोही सापडला. मी न्हाणीघरात होते, सहज वर बघितलं, तर झरोक्याच्या फुटक्या काचेच्या जागी सासऱ्यांनी एक लहानसा फोटो बसवलेला. तीन वर्षं आम्ही सगळे त्याखाली आंघोळ करत होतो. बारकंसं हाड, बाजूने, आणि टोकाशी मॅडमने सांगितलेली ती आडवी फट, वाढीची. तिरपं ऊन त्यातून आत येत होतं. माझे हात शिवशिवले.

"मोहिनीऽऽ!" मी आतून हाक मारली. "कोनमापक कुठे आहे गं?"

"देणार नाई!" अंगणातून उत्तर आलं. "उद्या पेपर हाये माह्या!"

मी थोडा वेळ वर बघत उभी राहिले. मग अंगावर आणखी एक गडवा पाणी घेतलं.

सामन्याच्या दिवशी आम्ही सगळे वर्ध्याच्या मैदानावर होतो. सिमेंटच्या पायऱ्यांवर, अगदी खालून दुसऱ्या पायरीवर. सासूबाईंनी लाडवांचा डबा आणला होता आणि शेजारच्या अनोळखी बाईला त्यांचा सोळाचा आकडा एव्हाना पाठ झाला होता. आमच्या मुली मैदानावर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी मिळून उड्या मारल्या. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. समोरच्या संघातल्या मुली हसल्या. आम्ही नाही हसलो. मुकेशने माझा हात धरला होता. त्याच्या तळव्याला घाम होता. म्हणजे इतके दिवस हसत होता, तरी धास्ती त्यालाही होती.

मोहिनी पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत होती. दोन्ही सोबतिणी बाद झाल्या, ती एकटी उरली. मैदानात बसलेल्या मुलींमधून अशी नागमोडी वाहत गेली की लोक उभे राहिले. मी मात्र कंबरेच्या वर काही बघतच नव्हते. डावा गुडघा, उजवा गुडघा. वाकला, सरळ आहे, आत नाही वळला, शाबास. खांबाशी ती एका पायावर आली, तिने पाऊल छोटं केलं, खाली बसल्यासारखी झाली आणि वळली. मांजर!

तेवढ्यात समोरच्या संघातली एक उंच मुलगी झेपावली, तिचा हात मोहिनीच्या पाठीला लागला. शिट्टी वाजली. पलीकडची बाजू नाचायला लागली. कुंदन सरांनी कपाळाला हात लावला.

पण मी गुडघे बघत होते ना! त्या उंच मुलीचा पाय मी बघितला होता. हात लागायच्या आधी तिचं पाऊल मधल्या पट्टीच्या पलीकडे पडलं होतं. मला स्वच्छ दिसलं. जिल्ह्यात दुसऱ्या कोणालाही दिसलं नसेल इतकं स्वच्छ दिसलं.

"फाऊल!" मी ओरडले. "पाय! पाय बघा तिचा! फाऊल!"

माझा आवाज त्या गोंगाटात कुठे जाणार? मग पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मुकेशचा हात सुटला एवढं आठवतं. मी पायऱ्यांपुढचा कठडा चढले आणि साडीसकट खाली मैदानात उडी मारली.

मुकेशने मागून अशी हाक मारली की तशी गणपतीत स्वतः पडला तेव्हाही मारली नव्हती. "मंजुषाऽऽ! गुडघा!"

मी तरातरा पंचांपाशी पोचले. "सर, तो फाऊल होता. पाय पट्टीच्या पलीकडे होता."

पंचांनी तोंडातली शिट्टी काढली. "बाई, फाऊलचीच शिट्टी वाजवली हो मी. तुमची पोट्टी नाबादच हाये. तुम्ही मैदानातून बाहेर व्हा, नाई तं तुम्हालेच बाद देतो."

मोहिनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून धापा टाकत होती आणि खाली मान घालून इतकी हसत होती की तिची रिबन सुटली. दोन्ही गुडघे वाकलेले, बोटांच्या रेषेत. मी बघून घेतलं. मग पुन्हा शिट्टी झाली आणि ती पळाली.

मी बाहेर आले. सगळी पायरी माझ्याकडे बघत होती. मुकेश खाली उतरून माझ्या पायाशी उकिडवा बसला होता, लांब पायासकट, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आणि माझा गुडघा दोन्ही हातांनी चाचपत होता. "दुखते का? कट् वाजलं का? खरं सांग."

"काही वाजलं नाही," मी म्हणाले. "वाकवून उतरले मी. आवाजसुद्धा झाला नाही."

वरून सासूबाई म्हणाल्या, "झाला."

"काय झाला?"

"धप्प." त्यांनी लाडवाचा डबा उघडला, एक लाडू मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "अर्धं धप्प झालं. उद्यापासून तूबी ओट्यावर येजो."